उत्तमरावांच्या बांधावरचा बाण

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी माझ्या पर्समध्ये शिट्टी असते. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावच्या बाजारात गर्दी अडकली की हात आपोआप तिच्याकडे जातो. एकदा खरंच वाजवली. भाजीवाल्यांपासून मोटारसायकलवाल्यांपर्यंत सगळे जागच्या जागी थांबले आणि माझी सून, जणू ही बाई आपल्या ओळखीचीच नाही अशा थाटात, समोरच्या कापडाच्या दुकानात शिरली. तीस वर्षं मुलींना ‘सावधान, विश्राम’ म्हटलेल्या बाईच्या घरच्यांना एवढं सोसावं लागतं.

पगार मला विज्ञान शिकवण्याचा मिळायचा. पण या भागात मला ओळखतात ते ‘स्काऊटवाल्या इंगोले मॅडम’ म्हणून. खरं तर मुलांचं ते स्काऊट आणि मुलींचं ते गाईड. हा फरक मी पहिली पाच वर्षं सांगत बसले, मग नाद सोडला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आकाशी ड्रेस घालायचा, गळ्यात स्कार्फ बांधायचा आणि पंधरा ऑगस्टला पाहुण्यांना सलामी द्यायची, झालं गाईड. तसं नसतं. ही एक शिडी असते. प्रवेश, मग पहिला, दुसरा, तिसरा सोपान, मग राज्य पुरस्कार. प्रत्येक पायरीवर काही कामं करून दाखवायची. दोराच्या गाठी मारा, जखम बांधा, न चढता झाडाची उंची सांगा, भांडं न वापरता स्वयंपाक करा, खुणा ओळखत वाट काढा. मार्क नसतात. मुलगी करून दाखवते, मी बघते आणि तिच्या नोंदवहीत सही करते. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं. नापास असा शब्दच नाही, फक्त ‘अजून नाही’ आहे. वर्गात गणिताला घाबरणारी मुलगी इथे दोरी हातात घेतली की कशी फुलते, हे बघायला मी विज्ञानाचे तास सोडून मैदानावर पळायची. मुख्याध्यापकांनाही ते माहीत होतं. ते खिडकीतून बघायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

सगळं काही मी चांगलंच केलं असं नाही. नोकरीच्या सुरुवातीला शिबिर तोंडावर आलं म्हणून चार मुलींच्या वहीत न बघताच सह्या करून टाकल्या होत्या. त्यातली एक आज दवाखान्यात परिचारिका आहे. भेटली की पाया पडते आणि हसत म्हणते, ‘‘मॅडम, ती बोलाइनची गाठ मले अजूनबी नाई येत.’’ ती बिचारी गमतीनं म्हणते, पण माझी मान खाली जाते. त्यानंतर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी एकही सही केली नाही.

अनसिंगच्या शाळेत असताना पहिलं मोठं प्रकरण झालं ते प्रथमोपचाराचं. मी मुलींना सांगितलं, त्रिकोणी पट्टीनं डोकं बांधायचा सराव घरी करा. एका मुलीनं आजोबांना धरलं. आजोबा हौशी. नातीनं डोकं बांधलं, हात गळ्यात अडकवला, पायाला खपच्या लावल्या आणि ती शाळेत निघून आली. आजोबांना वाटलं, पोरीनं इतक्या मेहनतीनं बांधलंय, मॅडमला दाखवल्याशिवाय सोडायचं कसं? ते तसेच पारावर जाऊन बसले. एसटीतल्या कुणीतरी त्यांना पाहिलं. दुपारपर्यंत तीन गावांतले नातेवाईक टेम्पो करून हजर. लेकी रडत उतरल्या. एक जावई तर ‘‘कोनं मारलं, नाव सांगा फक्त’’ म्हणत बाह्या सारत होता. आजोबा शांतपणे म्हणाले, ‘‘मले काई नाई झालं. मी शायेचा गृहपाठ हावो.’’ टेम्पोभर माणसांना त्या घराने जेवू घातलं आणि मुलीची पट्टी मी तिथेच, पंगतीत, तपासून सही केली. पट्टी उत्तम होती. सात तासांत तसूभर सरकली नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते समीक्षाचं. ते शाळेचं गाव आसेगावच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून मला जेवायला बोलावतात.

समीक्षा नववीत होती. गुलाब संघाची नायिका. आठ मुलींचा एक संघ, त्याची ही पुढारी. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिला राज्य पुरस्काराच्या तपासणी शिबिराला जायचं होतं, वाशीमला, तीन दिवस मुक्कामी. दोनच कामं राहिली होती. एक, खुणांची वाट मांडून दाखवणं. दुसरं, आपल्याला येणारी एक गोष्ट पथकाबाहेरच्या माणसाला शिकवणं आणि वहीत त्याची सही घेणं. शिवाय वडिलांचं संमतीपत्र लागत होतं. वडील उत्तमराव म्हणजे कष्टाळू, सरळ माणूस, पण मुलीला तीन दिवस बाहेर पाठवायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ‘‘पाहू’’ एवढंच म्हणायचे. संमतीपत्र त्यांच्या घरी भिंतीवरच्या आरशामागं खोचलेलं होतं.

खुणांची वाट म्हणजे काय ते सांगते. दगडांचा बाण असला तर या वाटेने जा. दगडांची फुली असली तर इकडे येऊ नका. चौकोनात खडे ठेवले असतील तर तितक्या पावलांवर आपल्यासाठी चिठ्ठी आहे. आणि वर्तुळाच्या मधोमध एक खडा, म्हणजे काम झालं, आम्ही घरी गेलो. एक संघ खुणा मांडत जातो, दुसरा त्या ओळखत मागून येतो. शेवटी मांडणाऱ्यांनीच परत जाऊन सगळ्या खुणा मोडायच्या, हा कडक नियम.

त्या शनिवारी सकाळच्या शाळेनंतर गुलाब संघानं वाट मांडली. गावाबाहेरच्या तिठ्यापासून उत्तमरावांच्या सोयाबीनचा बांध, मग विहीर, मग ओढा, आणि शाळेचं मागचं फाटक. फार तर अर्धा किलोमीटर. मागून येणाऱ्या मुलींना खुणा नीट दिसाव्यात म्हणून मी मैदानावर रेघा मारायचा उरलेला चुना बाणाच्या दगडांना लावायला सांगितला. चिठ्ठी उडू नये म्हणून घरून आणलेल्या लाल ब्लाऊजपीसच्या तुकड्यात गाठ मारून दिली. ती समीक्षानं बांधावरच्या बाभळीला लटकवली.

शोधणारा मोगरा संघ तिठ्यावर पोचतो न पोचतो, तोच एका मुलीला गांधीलमाशी चावली. मग काय विचारता! दोन वर्षं प्रथमोपचार शिकलेल्या मुलींना पहिल्यांदाच खरा रुग्ण मिळाला. दोन्ही संघांच्या उरलेल्या पंधरा मुलींनी मिळून तिच्यावर नऊ उपाय केले. माशीपेक्षा उपायांनीच ती जास्त रडली. मी सगळ्यांना शाळेत परत आणलं आणि म्हणाले, ‘‘खुणा सोमवारी मोडू.’’

ही माझी चूक. आणि तिच्यापेक्षा मोठी चूक मला ठाऊकच नव्हती. आमच्या घरात तिथी कोणी बघत नाही. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून ते सुटलं ते सुटलंच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी गॅसचं सिलिंडर कधी लावलं तेवढं लिहिते. दुसऱ्या दिवशीच्या रविवारी सर्वपित्री अमावस्या होती.

सकाळी आठला समीक्षाचा फोन आला, आईच्या मोबाइलवरून, दबक्या आवाजात. ‘‘मॅडम, तुमी याच. वावरात बाया जाऊन नाई राह्यल्या. खुना मोडायच्या राह्यल्या न आपल्या.’’

मी स्कूटी काढली. बांधावर पोचले आणि मलाच घाम फुटला. तिठ्याजवळ, अमावस्येच्या सकाळी, चुन्यानं पांढरे केलेले दगड, त्यांचा बाण थेट उत्तमरावांच्या वावराकडे, आणि बाभळीला लाल फडक्याची गाठ. विज्ञानाच्या शिक्षिकेनं करणीचं सगळं साहित्य जमवलं होतं. लिंबू तेवढं राहिलं होतं.

कापणीच्या बारा बाया विळे बाजूला ठेवून बांधावर बसल्या होत्या. त्यांची पुढारी शेवंताबाई. साठीची, काटक, कपाळावर मोठं गोंदण. ती उठल्याशिवाय त्यातली एकही उठणार नव्हती. उत्तमराव येरझाऱ्या घालत होते. सोयाबीन असं वाळलं होतं की शेंगा आपोआप तडकत होत्या, आणि वर आभाळ गच्च.

‘‘काहून बसल्या व तुमी? आभाय पाहा वरतं!’’ उत्तमराव ओरडले.

‘‘आभाय दिसून राह्यलं आमाले,’’ शेवंताबाई म्हणाली, ‘‘आन् हे बी दिसून राह्यलं. तुमच्यावर कोनाचा डाव हाये ते तुमी पाहा. आमाले लेकरंबाकरं हायेत.’’

मी पुढं होऊन सांगणार होते की हे माझं काम. तेवढ्यात समीक्षानं माझा हात धरला. ‘‘नाई मॅडम, मी सांगतो.’’ ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. ‘‘बाबा, तो बाण म्या मांडला. फडकं बी म्याच बांधलं. गाईडचं काम हाये ते. मोडायचं राह्यलं.’’

उत्तमराव माझ्याकडे वळले. ‘‘हेच शिकोता का तुमी शायेत?’’ आणि मुलीला म्हणाले, ‘‘आज सोयाबीन कापून नाई झालं ना, तं तुयं ते शिबिर बी बंद आन् गाईड बी बंद. आरशामांगचा कागद मी चुलीत घालतो.’’

समीक्षानं लाल गाठ सोडली आणि चिठ्ठी वाचून दाखवली. ‘विहिरीजवळच्या कडुलिंबाची उंची मोजा.’ माझंच अक्षर. बायांनी ऐकून घेतलं. शेवंताबाई म्हणाली, ‘‘कागदावर काय बी लिवता येते, माय. मले थोडीच वाचता येते? बापाचं वावर वाचवाले पोरगी खोटं बी बोलन. म्या बी बोलली असती.’’

इथं मी काहीतरी शास्त्रीय बोलायला तोंड उघडलं होतं. चुना म्हणजे काय, वगैरे. समीक्षानं मला बोलूच दिलं नाही. ती शेवंताबाईसमोर मातीत उकिडवी बसली आणि म्हणाली, ‘‘आजी, कागद राहू दे. हे खुना वाचाले अक्षर लागतच नाई. मी चार खुना शिकोतो. मंग तू पुढं चाल, मी मांगून येतो. मी एक शब्द नाई बोलत. ह्या खुना आमच्या असतीन, तं तू बरोबर आमच्या शायेत पोचशीन. करनीचा बाण शायेत कायले जाईन?’’

शेवंताबाई विचारात पडली. बाया तिच्याकडे बघत होत्या. उत्तमराव आभाळाकडे.

‘‘शिकव,’’ ती म्हणाली.

समीक्षानं काडीनं मातीत बाण काढला, फुली काढली, चौकोन काढला, वर्तुळात टिंब काढलं. एकदा सांगितलं, मग पुसून उलटसुलट विचारलं. शेवंताबाई दुसऱ्या खेपेला एकही चुकली नाही. माझ्या आठवीच्या मुलींना तीन शनिवार लागतात.

शेवंताबाई उठली, बायांना म्हणाली, ‘‘बाण नेते तिथं मी जातो. धड वापस आली तं कापनीले लागा. नाई आली तं घरी जा.’’ बायांमधल्या तिच्या सुनेनं रडं काढलं. तिला तिनं एका नजरेत गप्प केलं आणि पहिल्या बाणावरून पाऊल पुढं टाकलं.

मागे समीक्षा, तिच्यामागे मी. तोंडाला कुलूप. विहिरीजवळ फुली होती, ती बघून शेवंताबाई थांबली, बोटानं हवेत फुली काढली, मान हलवली आणि दुसऱ्या वाटेला लागली. तिथे पुढचा बाण मिळाला तेव्हा तिनं मागं वळून आमच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला होता. ओढ्याजवळ मात्र घोटाळा झाला होता. रात्रीतून शेळ्या गेल्या असाव्यात, बाणाचे दगड पार विस्कटले होते. दोन वाटा फुटत होत्या. समीक्षानं ओठ दाबून धरले. शेवंताबाई खाली बसली. चुन्याचे दगड एकेक करून उचलून बघितले, ज्या जागी माती दबलेली होती तिथं बोट फिरवलं. मग ते पाच दगड तिनं स्वतः नीट मांडले, बाण पुरा केला आणि तिकडे चालू लागली. बाण अगदी बरोबर होता. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, मी पदर तोंडात धरला.

शाळेच्या मागच्या फाटकाशी ती थबकली. या गावात तिचा जन्म गेला होता, पण या फाटकाच्या आत ती कधी आली नव्हती. फाटक ढकलून आत आली. झेंड्याच्या कट्ट्यापाशी वर्तुळ होतं, मध्ये खडा. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

‘‘काम झालं,’’ ती म्हणाली. ‘‘घरी गेले हे लोक.’’ मग समीक्षाला तिनं एकदम जवळ ओढलं. ‘‘पोरी, मले आलं! मले आलं व!’’

समीक्षा रडायलाच लागली. मीही रडले. शेवंताबाई तेवढी हसत होती. जाताना तिनं एकेक खूण पायानं मोडत नेली, कारण नियम तिला समीक्षानं सांगितला होता, आणि बांधावर पोचताच लांबूनच ओरडली, ‘‘बसल्या काय व! विळे उचला!’’

त्या दिवशी समीक्षानं विळा घेतला, मीही घेतला. माझ्या हातून काय कापणी होणार, बाया मला बघून पोट धरून हसल्या. संध्याकाळी सोयाबीन ताडपत्रीखाली गेलं.

एवढ्यावर सगळं गोड व्हायला हवं होतं. पण उत्तमरावांचा राग गेला नाही. गावात टवाळी सुरू झाली होती. पानठेल्यावर त्यांना कुणी विचारायचं, ‘‘का उत्तमराव, आज कोनाच्या वावरात बाण?’’ माणूस मानी. चुलीत घातला नाही, पण आरशामागचा कागद जसाच्या तसा राहिला, आणि शिबिराला चार दिवस उरले. मी दोनदा जाऊन विनवलं. दोन्ही वेळा उत्तर तेच, ‘‘पाहू.’’

शेवटी वहीतली सही तरी पुरी करावी म्हणून मी आणि समीक्षा शेवंताबाईला शोधत निघालो. ती उत्तमरावांच्याच अंगणात शेंगा निवडत बसली होती. उत्तमराव खाटेवर बसले होते. मी वही उघडली. ‘कोणाला शिकवले’ या रकान्यात समीक्षानं शेवंताबाईचं पूर्ण नाव लिहिलं होतं. मी शाळेतून शाईचा पॅड आणला होता, तो पुढं केला.

शेवंताबाईनं तो हातानं मागं सारला. ‘‘अंगठा कायले? मले येते न.’’ तिनं समीक्षाच्या हातातला पेन घेतला. चार बोटांत कसा धरावा हे तिला कळेना, म्हणून विळा धरतात तसा मुठीत धरला, वही मांडीवर घेतली आणि आपल्या नावासमोर अगदी सावकाश, कागद फाटेल इतक्या जोरानं, एक बाण काढला. तिनं वही लांब धरून पाहिली. खूश झाली.

‘‘आता सांग,’’ ती समीक्षाला म्हणाली, ‘‘हा बाण कुठं जाते?’’

समीक्षानं वडिलांकडं पाहिलं आणि खाली बघत म्हणाली, ‘‘शिबिराले जाते, आजी.’’

शेवंताबाई उठली. सरळ घरात गेली, आरशामागचा कागद काढून आणला आणि उत्तमरावांच्या मांडीवर ठेवला. ‘‘उत्तम, म्या सही केली. आता तू कर.’’

उत्तमरावांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि मान वर न करता म्हणाले, ‘‘पेन कुठं हाये माया?’’

‘‘हा घे,’’ शेवंताबाई म्हणाली. ‘‘मायापाशी हाये.’’